आठ कोअर असूनही प्रोग्रॅम मंद, आणि निकाल दर वेळी वेगळा. डेटाफ्लोने फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की सी++ मधला व्हिडिओ प्रोसेसिंगचा प्रोग्रॅम आठ थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या आठ धाग्यांवर) चालवला, जागोजागी लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणारी कुलपं) लावले, तरी वेग फारसा वाढला नाही आणि निकालही अधूनमधून बदलतो. डेटाफ्लोकडे, म्हणजे डेटा आला की आपोआप चालणाऱ्या टप्प्यांच्या जोडणीकडे, वळावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

जरूर वळा. वेगाचं नंतर बघू, आधी निकाल भरवशाचा व्हायला हवा.

समजा, एका काउंटरमध्ये ५ आहे. पहिल्या थ्रेडने ५ वाचले. त्याने ६ लिहायच्या आत दुसऱ्यानेही ५ च वाचले. दोघांनी ६ लिहिले आणि एक वाढ हरवली. लॉकने हे थांबतं, पण कोणता डेटा कोणत्या लॉकखाली आहे हे बहुतेकदा लिहिणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. डेटाफ्लोमध्ये असा सामायिक काउंटर ठेवायचाच नाही. लागणारा सगळा डेटा हाती आला की नोड (कामाचा एक टप्पा) चालतो आणि निकाल पुढच्या नोडकडे देतो. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जिल कान यांनी १९७४ मध्ये हे पक्क्या पायावर मांडलं: नोडांमध्ये फक्त रांगा असतील आणि रांग रिकामी असताना नोड गुमान थांबत असेल, तर कोण किती वेगाने चाललं यावर उत्तर अवलंबून राहत नाही.

तुम्ही सी++ च्या टीबीबी लायब्ररीतला फ्लो ग्राफ (असे नोड जोडायची सोय) घ्या. फ्रेम वाचायची, एका फाट्यावर ब्लर, दुसऱ्यावर कडा शोधणं, मग दोन्ही जोडून लिहायचं. जोडण्याच्या जागी जपा. ब्लरचा नोड ‘अनलिमिटेड’ (एकाच वेळी कितीही फ्रेम घेणारा) ठेवलात तर ८ वी फ्रेम ७ वीच्या आधी बाहेर पडू शकते. दोन फाटे जोडणारा जॉइन नोड साध्या रांगेचा (आलं त्या क्रमाने जोडणारा) असेल तर ८ व्या फ्रेमचा ब्लर ७ वीच्या कडांना चिकटतो. प्रोग्रॅम कोसळत नाही, व्हिडिओ मात्र बिघडलेला असतो. म्हणून जॉइनला टॅग मॅचिंग (सारख्या खुणेचीच जोडी लावणं) द्या, फ्रेमचा क्रमांक हाच टॅग. लिहिण्याआधी फ्रेम क्रमाने लावणारा सीक्वेन्सर नोड लावा.

टोकनला, म्हणजे नोडांमधून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, टॅग लावून जोड्या जुळवण्याच्या याच तत्त्वावर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ अरविंद यांनी अख्ख्या यंत्राची रचना आखली होती; पुढे त्यांच्या गटाने मोटोरोलासोबत ‘मॉन्सून’ हे डेटाफ्लो यंत्र बांधलं. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या माणसाचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

आता वेग. एका पिक्सेलला एक नोड असं करू नका. कामापेक्षा ते वाटण्यातच वेळ जाईल. अख्खी फ्रेम किंवा तिचा मोठा पट्टा एका नोडला द्या. वाचणारा नोड पुढे पळून मेमरी भरू नये म्हणून लिमिटर नोड लावा. फाइल लिहिणारा नोड सिरियलच (एका वेळी एकच फ्रेम घेणारा) राहणार. त्याला एका फ्रेममागे १० मिलिसेकंद लागत असतील, तर कितीही कोअर असले तरी सेकंदाला १०० फ्रेमच्या वर जाता येणार नाही. कोडला हात लावण्याआधी तेवढा आकडा मोजून इथे टाका, मग कोणता नोड फोडायचा ते सांगतो.