चाळिसाव्या मिनिटापासून सुरू होणारी उपासना

‘मॅडम, मी घरी रोज बायबल वाचतो, प्रार्थना करतो. रविवारी मोबाईलवर चांगल्यातला चांगला संदेश ऐकतो. मग चर्चमध्ये जाऊनच बसलं पाहिजे का?’

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती माणसांपैकी कोणी ना कोणी हे विचारतंच. तऱ्हा तेवढी बदलते. तरुण मुलं थेट विचारतात. आया मुलांचं नाव पुढे करून स्वतःचा प्रश्न विचारतात. काही जण ‘तिथे सगळे ढोंगी भरलेत’ इथूनच सुरुवात करतात. कोरोनाच्या काळात चर्चची दारं बंद होती, तेव्हा ऑनलाइन उपासनेने अनेकांना तारून नेलं. पण दारं उघडल्यावरही काही जण परतलेच नाहीत आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच कानावर येतो.

अशाच एका गृहस्थांची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेले, नोकरी स्थिर, घरात कुरबूर नाही. पत्नीच्या आग्रहामुळे आले होते. चिडचिड वाढली होती, पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा लागत नव्हता. धाकटा भाऊ मूत्रपिंडाच्या विकाराने जाऊन दीड वर्ष झालं होतं. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, पण फॉर्मवरचा रकाना भरावा तसं. चर्चचा विषयही त्यांनीच काढला. ‘बायको मागे लागते. मी काही देवाला सोडलेलं नाही. उपासना चुकवत नाही मी, घरी करतो एवढंच.’

माणूस काय मानतो हे मी उशिरा विचारते. तो नेमकं काय करतो ते आधी विचारते. मतांवर तासन्‌तास वाद घालता येतो, दिनक्रमावर घालता येत नाही. शिवाय माणसाचं दुखणं त्याच्या मतांपेक्षा त्याच्या नात्यांत जास्त दडलेलं असतं, असं माझं मत कामातून पक्कं होत गेलंय.

‘रविवारी किती वाजता लावता?’

‘वेळ ठरलेली नाही. आमच्याच चर्चच्या मंडळीचं प्रक्षेपण असतं, नंतरही बघता येतं. घरातले बाहेर पडले की लावतो.’

‘सुरुवातीपासून?’

‘नाही. साधारण चाळिसाव्या मिनिटापासून. संदेश, म्हणजे प्रवचन, तिथून सुरू होतं.’

‘त्याआधी काय असतं?’

‘गीतं, पापकबुली, शास्त्रपाठ, प्रार्थना. नेहमीचंच. ते पुढे सरकवतो.’

मी वहीत फक्त ४० हा आकडा लिहिला. ज्या भागात लोक एकत्र गातात, एकत्र कबुली देतात, एकमेकांसाठी मागतात, नेमका तेवढाच भाग या माणसाने कापून टाकला होता. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तेवढं ठेवलं होतं. आवडनिवड एवढी नेमकी नसते. पुढच्या वेळी मी विचारलं, ‘त्या चाळीस मिनिटांतलं सगळंच नको वाटतं, की एखादीच गोष्ट?’

बराच वेळ ते बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘आजाऱ्यांची नावं घेतात.’

‘हं.’

‘त्याचं नाव पहिलं असायचं. वर्षभर. चर्चचे पाळकसाहेब नाव घ्यायचे आणि सगळे म्हणायचे, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. तो गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो होतो. यादी वाचली. एकदम दुसऱ्या नावापासून.’

‘मग?’

‘मग काय? सगळे म्हणाले, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मी उठून बाहेर आलो.’

अशा क्षणी समुपदेशकाने काही बोलू नये. तोंड बंद ठेवायला मी सावकाश शिकले, पण आता ते मला चांगलं जमतं. ते रडले. अंत्यविधीला रडले नव्हते, हे नंतर त्यांच्या पत्नीकडून कळलं. जाताना दारात थांबून म्हणाले, ‘एवढ्या लोकांनी मागितलं होतं, मॅडम. मी एकटा मागणारा नव्हतो. मग आता रागवायचं कोणावर?’

घरचे दीड वर्ष समजत होते की यांचा विश्वास ढळला. मला तसं दिसलं नाही. ज्याचा विश्वास संपतो तो देवावर रागावत नाही, कंटाळतो. यांचं दुखणं वेगळं होतं. भावाचं आजारपण त्यांनी दीडदोनशे माणसांच्या सोबतीने काढलं आणि शोक मात्र एकट्याने, मोबाईलसमोर बसून. आजाराला यादीत जागा होती, शोकाला नव्हती. त्यांनीही ती कुणाकडे मागितली नाही.

घरच्या उपासनेचा कमकुवतपणा मला इथे दिसतो. घरी पाळक आपणच, मंडळी आपणच आणि पुढे सरकवण्याचं बटणही आपल्याच बोटाखाली. दुखरा भाग आला की बोट आपोआप जातं. मंडळीत बसल्यावर स्तोत्र आपण निवडत नाही, शेजारी कोण बसेल ते ठरवत नाही, कोणाचं नाव वाचलं जाईल यावरही आपला ताबा नसतो. म्हणूनच आपण टाळत असलेली गोष्ट तिथे समोर येते आणि ती समोर येते तेव्हा आजूबाजूला माणसं असतात. वैयक्तिक प्रार्थना कमी प्रतीची आहे असं मी म्हणत नाही. येशूही एकटा डोंगरावर प्रार्थनेला जात असे. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हेही लिहिलं आहे की तो आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात गेला. त्यालाही दोन्ही लागलं.

गृहस्थांची पुढची अडचण अगदी प्रामाणिक होती. ‘मी गेलो तरी मला गाता येणार नाही. मनात नसताना ओठ हलवायचे म्हणजे ढोंगच ना?’

‘गाऊ नका. बाकीचे गातील, तुमच्या वाटचंही. तुम्ही फक्त तिथे असा.’

हे मी धीर द्यायला म्हणून म्हटलं नव्हतं. उपासना म्हणजे माझ्या आजच्या भावनेची परीक्षा, असं आपण धरून चालतो. मग भावना नसली की अनुत्तीर्ण झाल्यासारखं वाटतं आणि माणूस घरी बसतो. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून पाहा. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत आणि तीही मंदिरात, समुदायात म्हटली जात. ४२व्या स्तोत्राचा कवी लोकसमुदायाबरोबर देवाच्या घराकडे जायचा ते दिवस आठवून व्याकूळ होतो. ७३व्या स्तोत्राचा कवी दुर्जनांची भरभराट पाहून पार खचतो. देवाच्या पवित्रस्थानात जाईपर्यंत आपल्याला काही उमगत नव्हतं, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे तो मन निवळल्यावर तिथे गेला नाही, गोंधळलेला असतानाच गेला.

येशूचा शिष्य थोमा याच्याबद्दल आपण एवढंच लक्षात ठेवतो की तो संशयी होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात माझं लक्ष दुसरीकडे जातं. येशू मेलेल्यांतून उठला त्या संध्याकाळी शिष्य जमले होते आणि थोमा नव्हता. बाकीच्यांनी ‘आम्ही प्रभूला पाहिलं’ म्हणून सांगितलं, त्याने मान्य केलं नाही. तरी आठ दिवसांनी ते पुन्हा आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्याला कोणी बाहेर काढलं नाही आणि पटत नाही म्हणून तोही दूर राहिला नाही. बाकीच्यांचा विश्वास आणि त्याचा संशय एका खोलीत होते. पुढे येशू त्याला भेटला आणि त्याने मानलं, ते त्या खोलीत घडलं.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायातली २४ आणि २५ ही वचनं तर प्रत्येक पाळकाच्या तोंडी असतात: एकत्र मिळणं सोडू नका. ती बहुतेकदा दटावल्यासारखी वाचली जातात, याचं मला वाईट वाटतं. त्यांतला भर एकमेकांकडे लक्ष देण्यावर, एकमेकांना प्रीतीसाठी आणि चांगल्या कामांसाठी उत्तेजन देण्यावर आहे. हजेरीपटाचा तिथे उल्लेख नाही. ‘मला काय मिळतं?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण ही वचनं दुसराही एक प्रश्न विचारतात: तुम्ही नसलात तर कोणाचं काय राहून जातं?

पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हती. रोमी साम्राज्यात ती सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ३२१ सालच्या कायद्याने आली. त्याआधी, इ. स. ११२च्या सुमारास, धाकटा प्लिनी हा रोमी अधिकारी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात. साधारण १५५ साली जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो: शास्त्रवाचन, बोध, उभं राहून सर्वांची प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो वाटा घेऊन जात. जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगातल्या माणसांसाठी वापरत. कोण आलं नाही हे तिथे कोणाला तरी ठाऊक होतं. मोबाईलला ते ठाऊक नसतं. (प्रवचन फार लांबतं ही तक्रारही तेवढीच जुनी. त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला मेलेला म्हणून उचललं, पण शेवटी जिवंत नेलं.)

संशोधनाचा हवाला हवा असणारेही येतात. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ७४ हजारांहून अधिक परिचारिकांच्या १६ वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातला मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण पूर्ण सिद्ध होत नाही. मला २०१०चा लिम आणि पुटनम या संशोधकांचा अभ्यास जास्त बोलका वाटतो. नियमित उपासनेला जाणाऱ्यांचं समाधान जास्त दिसलं, पण ते मुख्यतः ज्यांचे जवळचे मित्र त्या मंडळीत होते त्यांचंच. शेवटच्या प्रार्थनेला येऊन आशीर्वादाआधी निघून जाणाऱ्या माणसाला हे मिळायचं कसं?

तर आमच्या गृहस्थांनी जायचं ठरवलं. अटी त्यांच्याच: शेवटच्या बाकावर, दाराजवळ, गाणार नाही. मी एकच अट घातली. संपल्यावर दहा मिनिटं थांबायचं. पुढच्या भेटीत म्हणाले, ‘यादी वाचली. मी “ऐक” म्हणालो नाही. पण उठलोही नाही.’ मला तेवढं पुरेसं होतं.

मग काही आठवड्यांनी त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं आणि दुसऱ्या नावापासून सुरू झालेल्या यादीबद्दल सांगितलं. पाळकसाहेबांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ते ऐकत राहिले, सफाई दिली नाही, हे त्यांचं मोठेपण. त्या मंडळीत आता आजाऱ्यांच्या पाठोपाठ शोकात असलेल्या घरांचीही नावं घेतात.

एक दिवस हे आले तेव्हा चेहरा वेगळा होता. त्याच यादीत आता एका तरुण बाईच्या नवऱ्याचं नाव होतं, तोच आजार, तेच डायलिसिस. हे संपल्यावर दहा मिनिटं थांबतात, ते आता तिच्याशी बोलायला. ‘तिला काय विचारू नये, ते मला बरोबर माहीत आहे,’ म्हणाले. एवढं नेमकं सांत्वन मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही. ते अजून फार गात नाहीत. भावाबद्दल देवाशी त्यांचं भांडण मिटलेलंही नाही. पण आता ते भांडण दाराजवळच्या बाकावर बसून चालतं.

काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. प्रत्येक मंडळीत परतलंच पाहिजे असं नाही. जिथे अधिकाराचा गैरवापर होतो, शोषण झाकलं जातं किंवा विश्वासाने सांगितलेलं दुखणं चारचौघांत फिरतं, तिथून निघावं आणि दुसरी मंडळी शोधावी. त्यात विश्वासघात नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना ‘या’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही, मंडळीने त्यांच्याकडे जायचं असतं. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छाच हरवली असेल तर डॉक्टरांकडे आधी जा. उपासना औषधाची जागा घेत नाही आणि औषध उपासनेची.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या काही रविवारी संदेशाला गुण देत बसू नये. एखादं लहान काम मागून घ्यावं: खुर्च्या लावणं, गीतपुस्तकं वाटणं. कामाच्या निमित्ताने नावं कळतात, आणि आपलंही नाव कोणाला तरी कळतं.

आणि पाळकांना एक विनंती. यादीतून एखादं नाव काढावं लागलं, तर त्या जागी त्याच्या घरच्यांची नावं लिहा, निदान वर्षभर. वाचण्याआधी मात्र त्यांना विचारा. काहींना ते सगळ्यांसमोर नको असतं, त्यांना घरी जाऊन भेटलेलं चालतं.