हरणे वाढली ती लांडगे घटले म्हणून, की चारा मिळाला म्हणून?

येवला तालुक्यातील राजापूर-ममदापूर भागातून विचारणा होत आहे: हरणांचे कळप मका, मुगाचे कोंब फस्त करतात. लांडगे होते तेव्हा एवढा उपद्रव नव्हता. मग लांडगे आणून सोडले तर?

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. टांझानियातील सेरेंगेटीच्या माळावर १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास विल्डबीस्ट (गाईएवढे थोराड, कळपाने चरणारे हरणवर्गी प्राणी) होते. गुरांकडून लागणारा बुळकांडी रोग हटल्यावर १९७७ पर्यंत ते तेरा लाखांच्या घरात गेले. सिंह, तरस तिथेच होते, त्यांना ही वाढ रोखता आली नाही. ती थांबली कोरड्या हंगामात गवत अपुरे पडू लागल्यावर. त्याच माळावरच्या ओरिबीसारख्या लहान हरणांचे बहुतेक मृत्यू मात्र शिकारी प्राण्यांमुळेच होतात. थोरल्या जनावराला उपासमार आवरते, लहानाला शिकारी.

आपले काळवीट पस्तीस-चाळीस किलोचे, म्हणजे लहानांतले. गवतात दडवलेले पाडस लांडग्या-कोल्ह्यांच्या तोंडी जाते, त्यामुळे लांडगा घटल्याचा परिणाम होणारच. पण कोरड्या हंगामातली उपासमारही आपणच दूर केली आहे. पावसाळा सरला की माळावरचे कुसळी गवत वाळते, त्याची अणकुचीदार कुसळे तोंडाला टोचतात, आणि नेमके तेव्हाच शेजारच्या बागायतीत हरभऱ्याचे कोवळे शेंडे तयार असतात. माळ नांगरले गेले, उरलेल्या गायरानावर चराईचा ताण आहे. हरीण शेतात येणार नाही तर जाईल कुठे?

लांडगे आणून सोडण्याचा आग्रह धरू नका. पळत्या हरणापेक्षा वाड्यातली मेंढी त्यांना सोपी. जे लांडगे आहेत त्यांना मात्र विष घालू नका. तो गुन्हा आहे आणि तुमचेच नुकसान आहे.

माझा भर गायरानावर आहे. ग्रामसभेत ठराव करून एक तुकडा पावसाळाभर, बी झडेपर्यंत चराईला बंद ठेवा. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवते पुन्हा धरतात. गुरांना कापून चारा मिळतो, हरणेही माळावर रमतात. हरभऱ्याच्या कडेने काटेरी करडईच्या चार-पाच ओळी पेरा. उगवणीनंतरचे पहिले आठवडे शेजाऱ्यांनी पाळीपाळीने राखण करावी. कुंपणात घरगुती वीज सोडू नका, माणूस दगावतो. नुकसान झालेच तर त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाला कळवा. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका.