वाचकांचे प्रश्न : मंडळीचे सेवक आणि मंडळीचा शेजार

प्रश्न : आमची मराठी भाषक ख्रिस्ती मंडळी वास्को परिसरात आहे. पाळकांखेरीज कार्यालयात एक भगिनी, एक राखणदार आणि शब्बाथ शाळेची अर्धवेळ शिक्षिका मानधनावर काम करतात. अलीकडे पाळक सतत थकलेले असतात, बारीकसारीक कारणांवरून खटके उडतात आणि कार्यालयातील भगिनी राजीनाम्याची भाषा करू लागल्या आहेत. पंचांच्या बैठकीत विषय निघाला की ‘प्रार्थना वाढवू या’ एवढ्यावरच थांबतो. आम्ही काय करावे?
— एक पंच, वास्को

उत्तर : प्रार्थना अवश्य वाढवा, पण जे काम पंचांनी करायचे आहे, ते प्रार्थनेवर ढकलू नका. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसलेला पाहून त्याचे सासरे इथ्रो त्याला बजावतात की, अशाने तू थकशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही थकतील. या सल्ल्याचा दुसरा भाग आपल्याकडे फारसा कोणी मनावर घेत नाही. आपल्या पत्रातील भगिनींची तक्रार नेमकी तिथेच आहे, असे मला वाटते : एकट्या पाळकांवर सगळा भार पडला की त्यांच्या हाताखालच्या माणसाला ना वेळेवर निर्णय मिळतो, ना चार शब्द धड बोलायला मिळतात.

पहिले पाऊल म्हणून पंचांपैकी दोघांनी, त्यांत एक स्त्री असावी, त्या भगिनींना बैठकीबाहेर भेटून त्यांचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकावे. पाळकांशीही तसेच स्वतंत्रपणे बोलावे. त्यानंतर प्रत्येक सेवकाचे काम, वेळ, सुट्टी आणि तो कोणाला जबाबदार आहे, हे कागदावर उतरवावे. लहान मंडळीत राखणदाराला एकाच वेळी चार मालक असतात : खजिनदार बँकेत पाठवतात, पाळकीण बाजारात, एखादे पंच स्वतःच्या घरच्या कामाला, आणि संध्याकाळी सभागृहाच्या खुर्च्या का लावल्या नाहीत म्हणून बोलणी मात्र तोच खातो. त्याने कोणाचे ऐकायचे हे ठरवून दिले, तर निम्मे खटके आपोआप थांबतील.

आता पैशाचा विषय, ज्याबद्दल आपण लोक उगाच संकोचतो. रविवारचे दान मोजून झाल्यावर त्यातूनच राखणदाराच्या हाती पाकीट ठेवायचे, आणि दान कमी आले तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचे, ही रीत बंद व्हायला हवी. ‘कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे’ हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन वेदीवरून वाचणाऱ्यांनी ते हिशेबाच्या वहीतही पाळले पाहिजे. ठरलेल्या तारखेला, बँकेतून, पावतीसह वेतन द्यावे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधानातील कलम १२८६ कारभाऱ्यांना कामगार कायदे पाळण्याचे आणि न्याय्य वेतन देण्याचे बंधन घालते. आपली मंडळी त्या विधानाखाली येत नसली, तरी मापदंड म्हणून ते स्वीकारायला हरकत नसावी. स्त्री सेवकांच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवा की, २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची स्त्रीही लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करू शकते. ही माहिती कार्यालयात दिसेल अशी लावावी.

पाळकांना आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्या. रविवार हा त्यांचा कामाचाच दिवस आहे, तेव्हा सोमवार किंवा मंगळवार ठरवा आणि त्या दिवशी मंडळीचा फोन एका पंचाकडे राहू द्या. मरण किंवा गंभीर आजार सोडून त्या दिवशी कोणी त्यांचे दार वाजवणार नाही, हे उपासनेत सर्वांसमोर जाहीर करावे, म्हणजे नकार देण्याचे ओझे त्यांच्या एकट्याच्या माथी येणार नाही.

प्रश्न : आम्ही पावसाळ्यात चर्चच्या परिसरातील गरजू कुटुंबांना धान्य वाटतो. यंदा काहींनी घेण्यास नकार दिला. आमचे कुठे चुकते?
— एक स्वयंसेविका, म्हापसा

उत्तर : वाटपाचे फोटो काढत असाल तर ते आधी थांबवा. ओळखीचा शेजारी पिशवी घेताना आपल्याला मोबाइलवर पाहील, या धास्तीने भुकेला माणूसही दार लावून घेतो. धान्यासोबत प्रार्थनेचे पत्रक देत असाल तर तेही बंद करा. मदतीला अट आहे अशी नुसती शंका आली, तरी वर्षानुवर्षांचा विश्वास जातो.

पण खरी गोष्ट याहून मोठी आहे. कोणाला काय हवे ते आपणच ठरवतो. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीकभाषक विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी लोकांनाच सात जण निवडायला सांगितले, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील ती सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले, असे त्यावरून दिसते. आपणही ज्या वाड्यांवर धान्य नेता, तेथील दोन-तीन जणींना, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, ठरवणाऱ्यांत घ्या. मुले जहाजावर किंवा आखातात असलेल्या एकट्या म्हाताऱ्यांना तांदळापेक्षा दवाखान्यात सोबत हवी असते. कोणाला वृद्ध-विधवांना मासिक मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद भरून हवे असतात, कोणाला गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचा अर्ज. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांची अडचण आणखी वेगळी असेल. तीही त्यांनाच विचारावी. या कामासाठी चर्चच्या कार्यालयातील माणसाचे तास ठरवून द्या, नाहीतर सेवेच्या नावाखाली त्याच्यावर आणखी एक काम लादले जाईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून हिंदू आहे. आमच्या गावच्या चॅपेलात मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. मी शिकवायला गेलो तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जरूर जावे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून तिच्या फेस्ताला तेल वाहणाऱ्या गोव्यात आपल्या येण्याचे कोणाला नवल वाटू नये. मात्र पाद्रींना आधी भेटून आपले दिवस आणि विषय ठरवून घ्या, पालकांची लेखी संमती आहे ना हे विचारा आणि वर्गात आपल्याखेरीज आणखी एक प्रौढ व्यक्ती कायम असावी, असा आग्रह धरा.