शन् म्हणजे देव का? चिनी 'देवत्वा'ला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा आलाय की चिनी सिरीयली इंग्रजी सबटायटल्स लावून बघताना सगळ्यांनाच 'गॉड' म्हणतात. आभाळातला राजा गॉड, चुलीशेजारी चिकटवलेलं चित्र गॉड, अठराशे वर्षांपूर्वी मेलेला सरदार गॉड, आणि गेम भारी खेळणारा पोरगा तोही गॉड. मग त्यांच्याकडे देवत्व म्हणजे नक्की काय, आणि मराठीत लिहायचं झालं तर देव, दैवत, ईश्वर यातलं काय वापरायचं?

या 'गॉड'मागचा चिनी शब्द बहुतेक वेळा एकच, शन्. आधी त्याच्या उच्चाराचं बघू. इंग्रजी स्पेलिंग बघून लोक 'शेन' लिहितात, ते वाचताना शेणाच्या फारच जवळ जातं, म्हणून मी शन् लिहितोय, आणि खरा उच्चारही याच्याच जवळचा आहे. याचं अक्षर दोन तुकड्यांचं आहे. डावीकडे पूजा-नैवेद्याशी संबंधित अक्षरांमधे येणारी खूण, आणि उजवीकडचा भाग मुळात चमकणाऱ्या विजेचं चित्र होता असं सहसा सांगतात, 'वीज'च्या चिनी अक्षरातही तोच बसलाय. इ.स. 100 च्या आसपास शू शन् नावाच्या पंडिताने (त्याच्या नावातला शन् वेगळा बरं का) जो कोश केला त्यात या शब्दाचा अर्थ साधारण असा दिलाय की आभाळातला शन्, जो सगळ्या वस्तू 'ओढून बाहेर काढतो'. निर्माण करतो असं तो म्हणत नाही, हे लक्षात ठेवा, कारण ईश्वर म्हटल्यावर आपल्या डोक्यात पहिलं जे येतं ना, की याने जग केलं, ते शन् मधे मुळातच नाहीये.

त्याच्याही आधीचे ग्रंथ बघितले तर शन् हा कुणी इसम असायलाच पाहिजे असंही नाही. यिचिंग या शकुन बघायच्या प्राचीन ग्रंथाच्या जुन्या टीकेत एक फेमस वाक्य आहे, यिन आणि यांगच्या (अंधार-उजेडासारख्या विरुद्ध जोडीच्या) हिशोबात जे धरता येत नाही त्याला शन् म्हणतात. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला तत्त्वज्ञ मेन्सियस माणसांच्या पायऱ्या सांगत सांगत वर जातो, चांगला, खरा, थोर, मग साधुपुरुष, आणि ज्याचं साधुपण आपल्या आकलनापलीकडे गेलंय तो शन्. म्हणजे शब्द नामही आहे आणि विशेषणही, आणि विशेषण म्हणून तो जिवंत माणसालाही लागतो.

शिवाय शन् आपल्या आतही असतो. चिनी वैद्यकात जिंग (सत्त्व), छी (प्राणशक्ती) आणि शन् अशी तिकडी आहे आणि शन्चं घर हृदयात, रोग्याच्या डोळ्यात शन् आहे का हे वैद्य बघतात. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला फान चन नावाच्या माणसाने बौद्धांशी मोठा वाद घातला, त्याचं म्हणणं होतं की शरीर म्हणजे पातं आणि शन् म्हणजे धार, पातंच गेलं तर धार कुठे राहणार. तिथे शन्चं भाषांतर 'देव' केलंत तर सगळं वाक्यच कोसळतं, तिथे चेतना किंवा आत्मा म्हणावं लागेल. आजच्या बोलीतही हा अर्थ चालू आहे, लक्ष भरकटलं तर 'शन् चालता झाला' म्हणतात आणि सांभाळून म्हणायचं असेल तर 'शन् ठेव'. मज्जातंतूंच्या शब्दातही शन् आहे, तो शब्द जपानात अठराव्या शतकात डच शरीरशास्त्राचं भाषांतर करताना घडवला आणि मग चीनमधे आला.

आता देवळातला शन्. इथे आपली खरी गडबड होते, कारण आपण धरून चालतो की देव आधीपासून देवच असतो आणि मग अवतार वगैरे घेतो. चीनमधे प्रवास बहुतेक वेळा उलटा, म्हणजे माणूस जगतो, मरतो, मेल्यावर त्याचा प्रभाव जाणवायला लागतो, लोक पुजायला लागतात, आणि मग सरकार त्याला पदवी देतं. हो, सरकार!

ग्वान यूचं उदाहरण घ्या. हा चीनची तीन राज्यं झाली त्या धामधुमीतला सरदार, 220 च्या सुमारास पकडला गेला आणि त्याचं मुंडकं उडवलं. हरलेला माणूस आहे हा. पण निष्ठेसाठी नाव झालं, लोक भजायला लागले, सोंग राजवटीत त्याला दरबारी पदव्या मिळत गेल्या आणि 1614 मधे मिंग सम्राट वानलीने त्याला थेट 'दी' म्हणजे सम्राटाच्या दर्जाची पदवी दिली. मेल्यानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी प्रमोशन! आज दुकानदार त्याला पुजतात, हाँगकाँगमधे पोलिसही पुजतात आणि ज्यांना पोलिस पकडतात त्या टोळ्याही पुजतात. मुंबईत बघायचा असेल तर माझगावात चिनी देऊळ आहे, सी यिप (दक्षिण चीनमधल्या चार तालुक्यांतून आलेल्या) लोकांचं, तिथे क्वान कुंग म्हणून जो बसलाय तो हाच, फक्त नाव कँटनी वळणाचं.

किंवा मात्सु घ्या. फूजियान किनाऱ्याजवळच्या मेइजौ बेटावरची लिन मो नावाची मुलगी, परंपरेनुसार जन्म 960 चा, लग्न न करताच तरुणपणी गेली, आणि मग वादळात सापडलेल्या खलाशांना ती दिसायला लागली. बाराव्या शतकात तिला 'राणी' ही पदवी मिळाली (अविवाहित मुलीला राणी, दरबारी कारकुनांना त्याचं काही वाटलं नसावं), 1281 मधे कुबलाईखानाने 'स्वर्गीय राणी' केलं, आणि पुढे छिंग राजवटीत ती स्वर्गाची सम्राज्ञी झाली. मकाव हे नाव तिच्याच देवळावरून पडलं असं मानतात. यातली प्रत्येक पायरी सरकारी कागदावर आहे.

आणि पद म्हटलं की कामाची हद्द आली, बदली आली, वरचा साहेब आला. प्रत्येक तटबंदीच्या शहराला एक छंगह्वांग, म्हणजे शहराचा देव. मिंग राजवटीत नवीन अधिकारी गावात रुजू झाला की आधी त्याच्या देवळात जाऊन शपथ घ्यायचा, कारण जिवंतांचा कारभार हा बघणार आणि मेलेल्यांचा तो. पहिल्या मिंग सम्राटाने या शहरदेवांना आधी भारीभारी पदव्या दिल्या आणि 1370 मधे सगळ्या काढून घेतल्या, आता नुसतं 'अमुक शहराचा शन्' म्हणायचं. देवांच्या पदव्या एका हुकमात रद्द! शांघायच्या शहरदेवाच्या देवळात तर छन ह्वाछंग पण बसतो, हा अफूच्या युद्धात 1842 मधे मारला गेलेला सेनापती. गल्लीच्या पातळीवर थूदी-गोंग, जमिनीचा म्हाताराबाबा, त्याची सत्ता त्याच्या गावापुरती. घरात चुलीचा देव, तो बाराव्या महिन्याच्या शेवटी वर जाऊन जेड सम्राटाला, म्हणजे स्वर्गाच्या राजाला, घरातल्यांचा वर्षभराचा रिपोर्ट देतो, म्हणून निघायच्या आधी त्याच्या तोंडाला चिकट गोड मिठाई फासतात की बोलला तर गोड बोल नाहीतर तोंड चिकटूनच राहू दे. 'पश्चिमेची यात्रा' या जुन्या कादंबरीतला माकडराजा सुन वुखोंग स्वर्गात गेला तर त्यालाही आधी पोस्टिंगच मिळतं, घोड्यांच्या पागेवर, आणि ते सगळ्यात खालचं पद आहे हे कळल्यावर तो भडकतो. मिंग काळातल्या एका कादंबरीत तर लढाईत मेलेल्यांची शेवटी 365 देवपदांवर नेमणूक होते, यादी वाचून.

पण नुसती पदवी असून भागत नाही आणि नसली तरी अडत नाही. लोकांच्या लेखी खरा निकष वेगळा आहे, त्याला ते 'लिंग' म्हणतात (आपल्या लिंग शब्दाशी काही संबंध नाही, आवाज तेवढा सारखा). याला मराठीत अगदी फिट्ट शब्द आहे, जागृत. हा देव लिंग आहे का म्हणजे जागृत आहे का, पावतो का. पावत असेल तर देऊळ वाढतं, लांबून लोक येतात, पावायचा बंद झाला तर ओस पडतं. दुष्काळात पाऊस पाडत नाही म्हणून देवाची मूर्ती भर उन्हात आणून ठेवायची, बघ बाबा कसं वाटतं, हे चीनमधे खरोखर करायचे. विचारायचं असेल तर चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे खाली टाकतात, एक सपाट बाजूवर आणि एक फुगीर बाजूवर पडला की होकार, कोकण-गोव्याकडच्यांना हे कौल लावण्यासारखं वाटेल आणि आहेच तसं.

इथेच ग्वेइ हा जोडीचा शब्द पण बघायला हवा, कारण जुन्या ग्रंथात 'ग्वेइ-शन्' असा जोडीने येतो. ग्वेइ म्हणजे भूत, मेलेला माणूस. दोघांत भिंत फार पातळ आहे. ज्याला जेवू घालणारं घर आहे तो पूर्वज, ज्याला कुणी नाही तो ग्वेइ, आणि ज्या ग्वेइची ताकद वाढत गेली आणि गावाने मिळून देऊळ बांधलं तो शन्. तैवानमधे कागदी पैसे जाळतात तर देवांना सोनेरी आणि भुतांना-पूर्वजांना रुपेरी, म्हणजे हिशोबाची वही वेगळी. आणि कन्फ्यूशियसचा सल्ला काय तर ग्वेइ-शन्चा मान ठेवा पण चार हात लांब रहा.

आता मला सगळ्यात मजेशीर वाटलेला भाग. आपला 'देव' शब्द चिनीत प्रत्यक्ष गेलाय, बौद्ध ग्रंथांमधून, आणि तिथल्या भाषांतरकारांनी त्याला शन् न लावता बहुतेक ठिकाणी 'थियन' म्हणजे आकाश, स्वर्ग हा शब्द लावला. महाब्रह्मा झाला दाफान-थियन, सरस्वती झाली ब्येनत्साइ-थियन, आणि तीच जपानात बेन्झाइतेन म्हणून गेली, त्यातला शेवटचा 'तेन' म्हणजे आपला देव! ह्युएनत्संग, तोच जो पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल लिहून गेला आणि माकडराजाच्या गोष्टीतला भिक्षूही तोच, त्याला हर्षाच्या कनौजच्या सभेत 'महायानदेव' ही पदवी मिळाली तर चिनीत तीही 'थियन' लावूनच लिहिली. मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. बौद्धांचे देव स्वर्गात राहणारे, पुण्य संपलं की खाली येणारे, त्यांना राहत्या जागेवरून नाव दिलं, आणि शन् शब्दाला तर आधीच पदं, भुतं, चेतना सगळं चिकटलेलं होतं.

ख्रिस्ती लोकांना मात्र बायबलमधल्या गॉडला चिनीत काय म्हणायचं ही अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. 1715 मधे पोपने थियन आणि शांगदी (म्हणजे वरचा सम्राट) हे दोन्ही शब्द वापरायला बंदी घातली, कॅथलिकांनी थियनचू म्हणजे स्वर्गाचा स्वामी धरला. प्रोटेस्टंट शन् आणि शांगदी यावर एकोणिसावं शतकभर भांडले. जोशुआ मार्शमन या मिशनऱ्याने चिनी बायबल 1822 मधे पूर्ण केलं त्यात शन् आहे, आणि ते केलं कुठे तर बंगालमधल्या श्रीरामपूरला, जिथे त्याचा सहकारी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार 1811 मधे निघाला होता. 1919 चं जे चिनी बायबल आजही चालतं त्याच्या दोन आवृत्त्या निघतात, एक शांगदीवाली आणि एक शन्वाली, आणि शन्च्या आधी एक अक्षराची मोकळी जागा सोडतात म्हणजे दोन्हीची पानं जुळतात. भांडणाचा निकाल टाइपसेटरने लावला म्हणायचं.

तर मराठीत काय? माझं मत, ग्वान यू, मात्सु, शहरदेव यांना 'दैवत' म्हणा, त्यात कुणाचं तरी, कुठलं तरी असा भाव येतो आणि तोच इथे हवाय. चुलीचा देव, पावसाचा देव अशी कामावरून नावं असतील तिथे 'देव' चालतं. 'ईश्वर' शन्ला लावू नका, लावायचाच तर शांगदीला, कारण शांग या प्राचीन राजवटीच्या, शकुनासाठी हाडांवर कोरलेल्या लेखांपासून दी हा सगळ्यांच्या वरचा. 'देवत्व' म्हटलं की ते आतून असलेलं काहीतरी वाटतं, त्यापेक्षा सिरीयलीत कुणाला शन् केलं जातं तिथे सरळ 'देवपद मिळालं' लिहा. साधना करून अमर झालेले शियन वेगळे, त्यांना सिद्ध म्हणा (त्यांचं अक्षर माणूस आणि डोंगर मिळून होतं, छान आहे). आणि गेमवाल्या पोराला चिनी पोरं 'दाशन्' म्हणजे मोठा शन् म्हणतात, तिथे देव-दैवत काही नको, आपल्याकडची पोरं सरळ म्हणतात, हा बाप आहे.