जोधपूरची संग्रहालये एका दिवसात पाहायची झाल्यास क्रम कसा ठेवावा?

डिसेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन लातूरहून जोधपूरला जाणार आहोत, संग्रहालयांसाठी एकच दिवस आहे, वडिलांचे गुडघे दुखतात, तेव्हा किल्ल्याव्यतिरिक्त काय पाहावे आणि काय सोडावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मेहरानगड किल्ला, उमेद भवन राजवाडा आणि अरणा-झरणा हे लोकसंस्कृतीचे संग्रहालय ही तीन ठिकाणे याच क्रमाने पाहावीत आणि चौथ्याच्या नादी लागू नये. मी धाराशिवकडचा असल्यामुळे पाहताना नजर आधी पाण्याकडे आणि दुष्काळाकडे जाते, हे उत्तर वाचताना लक्षात असू द्यावे.

मेहरानगड सकाळी उघडताच गाठावा, कारण उन्हे चढल्यावर दगड तापतो आणि अरुंद दालनांत गर्दीही मावत नाही. वडिलांसाठी वेगळे तिकीट काढून लिफ्टने जाता येते. त्यामुळे चढ वाचतो, मात्र आतल्या दालनांमधल्या पायऱ्या कोणालाच चुकत नाहीत. हिंदीतून माहिती ऐकवणारे यंत्र मिळते, ते अवश्य घ्यावे. हत्तीवरच्या हौद्यांच्या दालनात शहाजहानाने महाराजा जसवंतसिंहांना दिलेला चांदीचा हौदा आहे, त्याच्यापाशी थोडे थांबावे. हौद्याचे दोन भाग असतात. पुढच्या ऐसपैस भागात राजा पाय पसरून बसे आणि मागच्या चिंचोळ्या जागेत चवरी ढाळणाऱ्याच्या वेषात त्याचा अंगरक्षक असे. हे जसवंतसिंह आपल्याला परके नाहीत. शायिस्तेखानाची बोटे तुटली तेव्हा ते दख्खनमध्येच होते आणि पुढे कोंढाण्याला वेढा घालून हात हलवत परतले. गुजरातच्या सुभेदाराकडून १७३० मध्ये जिंकून आणलेली सोनेरी पालखी, फूलमहाल आणि शीशमहाल हे सारे देखणे आहे, पण त्यांच्याविषयी सगळीकडेच वाचायला मिळते. तटावरून खाली राणीसर आणि पद्मसर हे तलाव दिसतात, ते पाहिल्याशिवाय उतरू नये. राव जोधांनी १४५९ मध्ये किल्ल्याची पायाभरणी केली, तेव्हा डोंगरावरून उठवल्या गेलेल्या चिडियानाथ नावाच्या साधूने येथे पाण्याची कायम टंचाई राहील असा शाप दिल्याची आख्यायिका आहे. मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी २०१६ मध्ये ज्या शहराने प्यायले, तिथल्या माणसांना या शापाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

उमेद भवनाला तासभर पुरे. राजवाड्याचा मोठा भाग हॉटेल आणि राजघराण्याचे निवासस्थान असल्यामुळे आपल्या वाट्याला संग्रहालयाचे दालन तेवढे येते, आणि त्यातली घड्याळे, काचसामान व बाहेरच्या जुन्या मोटारी पाहून मी तरी फारसा भारावलो नाही. मात्र ती वास्तू का उभी राहिली, हे वडिलांना आवर्जून सांगावे. मारवाडात लागोपाठ दुष्काळ पडल्यावर लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंहांनी १९२९ मध्ये हे बांधकाम काढले आणि ते १९४३ पर्यंत चालले. आराखडा हेन्री लँचेस्टर या इंग्रज वास्तुविशारदाचा होता. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले आणि रोजगार हमीचा कायदा त्यातूनच पुढे आला. तिथे त्याच गरजेपोटी राजवाडा झाला. मजुरी दोन्हीकडे मिळाली, पण मागे काय उरले याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

खरा वेळ अरणा-झरण्यासाठी राखून ठेवावा. शहराबाहेर मोकलावास गावाजवळ, दगडाच्या जुन्या खाणींच्या परिसरात हे संग्रहालय लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून उभे राहिले. राजस्थानचे भाग त्यांनी राज्यकर्त्यांवरून न पाडता बाजरी, ज्वारी आणि मका या धान्यांवरून पाडले होते, आणि जी वस्तू प्रत्येक घरात असूनही कोणी पाहत नाही ती त्यांनी संग्रहालयाच्या केंद्रस्थानी आणली, ती म्हणजे केरसुणी. घरात फिरवायची ती मऊ गवताची आणि अंगणात, गोठ्यात चालवायची ती कडक काटक्यांची, हा भेद तिथेही आहे. कोणत्या भागात कोणते गवत उगवते, ते कोण कापते, कोण बांधते आणि कोणाच्या दारात ते विकले जाते, हे सारे त्या एका वस्तूवरून उलगडत जाते. आपल्याकडेही शिंदीच्या पानांची केरसुणी प्रामुख्याने मातंग समाजातले कारागीर बांधत आले आहेत, आणि लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहून आपण जिची पूजा करतो तिला एरवी दाराआड ठेवतो. आपल्या आईंना या दालनात सांगण्यासारखे बरेच असेल, तेव्हा तिथल्या माणसांशी त्यांना मनसोक्त बोलू द्यावे.

तिकडे परतीची रिक्षा सहज मिळेल असे धरून चालू नये. शहरातूनच गाडी ठरवावी आणि ती थांबवून ठेवावी. निघण्यापूर्वी फोन करून संग्रहालय उघडे असल्याची खात्री करून घ्यावी. किल्ल्याजवळचा संगमरवरी जसवंत थडा सुंदर आहे, पण ते संग्रहालय नसून स्मारक आहे, आणि वेळ कमी पडला तर अरणा-झरण्याऐवजी तेच सोडावे.