गुळाचा चहा साखरेच्या चहापेक्षा खरंच चांगला का?

चवीसाठी खुशाल प्या, तब्येतीसाठी म्हणून नको. गूळसुद्धा बहुतांश साखरच. लोह वगैरे थोडं असतं, पण कपात पडणाऱ्या खड्यातून ते कितीसं मिळणार? त्यात चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही, म्हणजे तेही गेलं!

खरा घोळ कपांच्या संख्येत आहे. दोन चमचे साखर म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा असं सुचवलं. तीन कपांत ते संपलंच. बुडवलेली खारी मी धरलेलीच नाही, ती तर नुसता मैदा आणि डालडा.

आमचे बाबा हल्ली "गुळाचाच आहे गं" म्हणत चौथा कप मागतात.