बर्फाची पुस्तकं वाचून दाखवताना

प्रिय दोस्ता,

नाताळच्या सुट्टीत वाचनालयातल्या मुलांना हिवाळ्याची पुस्तकं वाचून दाखवायचं ठरवलंस, छान. पण एका बैठकीत तीन पुस्तकं नकोत. चार-सहा वर्षांच्या मुलांना दोन पुरतात.

सुरुवात एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ने कर. १९६२चं हे पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक (चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकन पुरस्कार) मिळालं. मजकूर इतका थोडा की नवखा वाचक चार मिनिटांत उरकतो आणि तिथेच बिघडतं. याला आठ मिनिटं दे, आणि जास्तीचा वेळ बोलण्यात नको, चित्रं बघू देण्यात जाऊ दे. यातला छोटा पीटर बर्फातून पाय फरफटत चालतो ते वाक्यही फरफटतच वाच. मग बर्फातून काहीतरी वर आलेलं त्याला सापडतं. इथे पान लगेच उलटायचं नाही. मनात तीन आकडे मोज. ‘काय आहे?’ असं कुणीतरी विचारतंच, मग उलट. ‘काठी’ हा शब्द आधीच तोंडून निसटला, तर पुढे झाडावर बसणारा फटका आणि डोक्यावर पडणारा बर्फ, दोन्ही फुकट गेले.

खिशातला बर्फाचा गोळा रात्री नाहीसा झालेला असतो. (गोळा म्हटल्यावर एखादं पोर ‘कालाखट्टा!’ ओरडेल. हसू दे.) त्या पानावर ‘कुठे गेला असेल बरं?’ असं विचारायची हौस आवर. बर्फ पडताना पाहिला नसला, तरी फ्रीजमधला वितळतो हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. पीटरला वाईट वाटतं, तेवढं त्यांना वाटू दे.

जॅन ब्रेट यांचं ‘द मिटन’ युक्रेनी लोककथेवरचं. एका हातमोज्यात एकेक प्राणी घुसत जातो. पानाच्या उजव्या कडेच्या चौकटीत पुढचा प्राणी आधीच डोकावतो, म्हणून पुस्तक कडेला धरू नकोस, अंगठ्याखाली नेमका तोच झाकला जातो. खालून, शिवणीपाशी धर. अस्वलाची शिंक मुलांना देऊ दे, पण एकदाच. नाहीतर पुढची दहा मिनिटं शिंकाच.

जेन योलेन यांचं ‘आउल मून’, रात्री घुबड शोधायला निघालेल्या बाप-लेकराचं, सहाच्या पुढच्या मुलांसाठी राखून ठेव. शांत पुस्तक आहे म्हणून कुजबुजून वाचलं की मागच्या रांगेला ऐकू जात नाही आणि चुळबुळ सुरू होते. पट्टी खालची, पण आवाज भरीव हवा. घुबडाची साद घरी घालून बघ, नाहीतर ऐनवेळी तुलाच हसू फुटेल.

पुस्तकं इंग्रजी आहेत, तेव्हा जागच्या जागी भाषांतर करत बसू नकोस. अडखळलं की लय गेली. आदल्या दिवशी मराठी वाक्यं चिठ्ठीवर उतरव आणि चिठ्ठी मांडीवर ठेव, चित्रावर चिकटवू नकोस.

आणि उजेड बघ. बर्फाची पानं पांढरी, गुळगुळीत. वरची ट्यूबलाइट त्यांवर चमकली की मुलांना नुसता झगझगाट दिसतो. पुस्तकाचा वरचा काठ किंचित पुढे झुकव. किती झुकवायचं, ते कुणाला तरी पुस्तक धरायला लावून, स्वतः मुलांच्या जागी सतरंजीवर बसून ठरव.